स्वस्तातला गायगर काउंटर: घ्यायचा कुणी आणि त्यावर भरवसा किती ठेवायचा

ऑनलाइन पाच ते दहा हजारांत मिळणारे गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं, नावं आणि डबे बदलून येतात, पण झाकण उघडलं की आत बहुतेक वेळा तेच सामान असतं. बोटाएवढी काचेची नळी, बहुधा जे-३०५ किंवा तिच्याच जातीतली. तिला सुमारे ४०० व्होल्ट पुरवणारं छोटं सर्किट. लिथियम बॅटरी आणि टाइप-सी चार्जिंग. म्हणून हे परीक्षण एका ब्रँडचं नाही, या सगळ्या जातीचं आहे. वाशी-कोपरखैरण्याचे रहिवासी खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे बघून हे यंत्र घ्यावं का म्हणून विचारतात. शिळफाट्याचे, कळंबोलीचे भंगारवाले फारसे विचारत नाहीत. खरी गरज आहे ती त्यांना.

आधी आकड्याबद्दल. नळीत किरणोत्सारी द्रव्यातून निघालेला गामा किरण किंवा बीटा कण शिरला की विजेचा एक ठोका बसतो आणि यंत्र ते ठोके मोजतं. मिनिटाला किती ठोके, म्हणजे सीपीएम, हीच त्याची खरी मोजणी. पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसणारे मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे शरीराला बसणाऱ्या किरणांच्या मात्रेचं माप, हे त्या ठोक्यांना एका ठरलेल्या संख्येनं भागून काढलेले असतात. या नळ्यांसाठी ती संख्या साधारण १५३ धरतात. मिनिटाला २० ठोके आले तर पडद्यावर ०.१३ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास. हा हिशेब सीझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याच्या गामा किरणांना धरून बसवलेला असतो. किरणांची ऊर्जा बदलली की तो चुकतो, आणि एक्स-रेसारखे कमी ऊर्जेचे किरण ही उघडी नळी कित्येक पट फुगवून दाखवते.

दुसरी गोष्ट, ठोके नियमित येत नाहीत. २० ठोक्यांच्या मोजणीत चार-पाच ठोके इकडेतिकडे होणारच, म्हणजे वीस-बावीस टक्क्यांची डोलणी. दहा मिनिटं मोजून २०० ठोके जमवले की तीच डोलणी सात टक्क्यांवर येते. बैठकीत ०.०९ आणि बेडरूममध्ये ०.१५ दिसलं म्हणून बेड हलवायची गरज नाही. यंत्र एका जागी ठेवून दहा मिनिटांची बेरीज घ्या, मग दुसऱ्या जागी दहा मिनिटं, मग तुलना करा. एकूण ठोके मोजायची सोय ज्या मॉडेलमध्ये नाही ते घेऊ नये. फक्त मायक्रोसिव्हर्टचा रंगीत आकडा दाखवणारं यंत्र शोभेचं आहे.

ठाणे-नवी मुंबईत घरात, रस्त्यावर, पारसिकच्या डोंगरावर बहुतेक ठिकाणी आकडा ०.१ च्या आसपास राहतो. त्यातही काही ठोके आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचे आणि काही नळीच्या स्वतःच्या काचेचे असतात, कारण आपल्या पायाखालचा काळा बेसॉल्ट या बाबतीत फार गरीब दगड आहे. त्यात युरेनियम, थोरियम, पोटॅशियम ही किरणोत्सारी द्रव्यं कमी. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर यंत्र टेकवलं आणि आकडा थोडा चढला तर तो ग्रॅनाइटचा प्रताप. ती फरशी बाहेरच्या राज्यातून आलेली असते आणि तिच्यात हीच द्रव्यं जास्त असतात. काळजीचं कारण नाही. ०.१ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास या दरानं वर्षभराचा हिशेब होतो ०.८८ मिलिसिव्हर्ट (हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट). जगात माणसाला निसर्गाकडून सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात आणि त्यातला मोठा वाटा श्वासातून जाणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचा असतो, जो या यंत्राला थेट मोजताच येत नाही.

पावसाळ्यात मात्र हे यंत्र लोकांना घाबरवतं. पहिल्या जोरदार सरीत गच्चीवर किंवा बाल्कनीत आकडा चढतो, कधी दीडपट. हवेतल्या रेडॉनपासून तयार झालेली शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ ही द्रव्यं पावसाबरोबर खाली धुतली जातात. मुलांना दाखवण्यासारखा प्रयोग आहे: सर थांबल्याबरोबर ओली छत्री टिश्यू पेपरनं पुसा, तो घडी करून पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि नळीच्या बाजूला टेकवा. ठोके सरळ वाढतात, आणि साधारण अर्ध्या-अर्ध्या तासानं ती वाढ निम्म्यावर येत जाते. दोन-तीन तासांत सगळं पूर्ववत. आकडा असा आपोआप उतरला तर ते रेडॉनचं काम. ट्रॉम्बेशी त्याचा संबंध नाही.

ट्रॉम्बेबद्दल विचारणाऱ्यांना सरळ उत्तर: त्यासाठी हे यंत्र घेऊ नका. अणुऊर्जा विभागाचं किरणोत्सर्ग मोजणीचं देशभर पसरलेलं जाळं आहे, आयर्मॉन नावाचं, आणि त्याची यंत्रं या काचेच्या नळीपेक्षा कितीतरी संवेदनशील आहेत. घरातल्या यंत्रावर ०.१२ चं ०.१६ झालं यातून काहीच निष्पन्न होत नाही. मोबाइल टॉवरसाठीही घेऊ नका. टॉवर, वायफाय, उच्चदाबाच्या वाहिन्या यांच्या लहरी अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतक्या ताकदीच्या नसतात आणि नळीत ठोका पाडत नाहीत. फोन अगदी चिकटवून ठेवल्यावर आकडा उडाला तर ते यंत्राच्या सर्किटचं शील्डिंग कच्चं असल्याचं लक्षण समजा.

क्लिनिकवाल्यांकडूनही एक चूक होते. एक्स-रे रूमच्या दाराबाहेर हा काउंटर धरायचा, शॉट घ्यायचा, आकडा हलला नाही की गळती नाही असं समजायचं. एक्स-रेचा शॉट सेकंदाच्या छोट्या हिश्शात संपतो. एक ठोका पडल्यावर ही नळी सुमारे दहाहजारांश सेकंद बहिरी असते, शिवाय यंत्र सरासरी काढतं ती अर्ध्या-एक मिनिटाची. शॉट त्यात हरवून जातो. गळती बघायला आयनायझेशन चेंबरचं सर्व्हे मीटर लागतं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कॅलिब्रेट केलेलं, आणि ते काम अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्यता दिलेल्या एजन्सीकडूनच करून घ्यायचं असतं. डब्यात येणारा छापील ‘कॅलिब्रेशन’चा कागद तिथे चालत नाही.

आणि सगळ्यात धोकादायक मर्यादा. किरणं फार वाढली की हीच बहिरी वेळ अंगाशी येते. तासाला १ मिलिसिव्हर्टच्या जागी नळीत सेकंदाला अडीच हजार ठोके पडायला हवेत. तिथून पुढे नळी मागे पडायला लागते. त्याच्या दसपट क्षेत्रात पडद्यावरचा आकडा भलताच कमी येतो, आणि काही यंत्रं तर चक्क शून्यावर जातात. खोक्यावर ‘५० मिलिसिव्हर्टपर्यंत’ असं लिहिलेलं असलं तरी त्याच्या भरवशावर पुढे पाऊल टाकू नये. चालता चालता वाढत गेलेला आकडा एकाएकी गळून पडला, तर मागे फिरायचं. या यंत्राच्या बाबतीत हा नियम तोंडपाठ हवा.

आता भंगाराकडे. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, कळंबोलीचा लोखंड बाजार, शिळफाट्याची गोदामं इथे दररोज टनावारी लोखंड फिरतं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत जे झालं ते अशाच बाजारात झालं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचं जुनं, वापरात नसलेलं यंत्र लिलावात भंगारात गेलं, ते फोडलं गेलं, आत काय आहे याची कुणालाच कल्पना नव्हती. एकाचा जीव गेला, बाकीच्यांना भाजल्याच्या जखमा आणि किरणोत्सर्गाचा आजार झाला. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात बंद पडलेल्या दवाखान्यातलं सीझियमचं उपकरण असंच फोडलं गेलं. निळसर चमकणारी पूड लोकांनी घरी नेली, चार माणसं दगावली, २४९ जण दूषित निघाले. आणि वितळवून प्रश्न संपत नाही. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं, त्याचं पोलाद भारतातून गेलेलं होतं.

आपल्याकडे आणखी एक वस्तू डोळ्यासमोर असायला हवी. पाइपलाइनची, टाक्यांची वेल्डिंग तपासायला रेडिओग्राफीचे कॅमेरे वापरतात, त्यात इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी धातू असतो. त्याचा अर्धायुष्यकाळ, म्हणजे किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ७४ दिवस. कॅमेरा म्हणजे डब्याच्या आकाराचं, उचलायला गेलं की आकाराच्या मानाने भलतंच जड लागणारं धूड. आत शिशाचं किंवा युरेनियमचं कवच. त्यातला स्रोत असतो एका लहानशा लवचिक तारेच्या टोकाला, वाटाण्याहूनही बारीक स्टीलच्या कॅप्सूलमध्ये. पिगटेल म्हणतात त्याला. स्वच्छ, चकचकीत, बिनवासाचं, हाताला गरमही लागत नाही. १९९९ मध्ये पेरूमध्ये यानांगोच्या धरणप्रकल्पावर एका वेल्डरने असं पडलेलं पिगटेल उचलून मागच्या खिशात ठेवलं. त्यात १.३७ टेराबेकरेल इरिडियम होतं (१ टेराबेकरेल म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी अणू फुटतात एवढा किरणोत्सर्ग). त्याचा पाय काढावा लागला.

हिशेब करून पाहिला की हे का होतं ते कळतं. १ टेराबेकरेल उघडं इरिडियम एक मीटरवर तासाला सुमारे १३० मिलिसिव्हर्ट देतं. अंतर दहापट कमी केलं की मात्रा शंभरपट होते: दहा सेंटिमीटरवर तासाला १३ सिव्हर्ट, म्हणजे १३ हजार मिलिसिव्हर्ट. खिशात, कातडीला लागून, मिनिटांचा खेळ. उलट बाजूनं बघा: त्याच स्रोताचे शंभर मीटरवर १३ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास राहतात. नेहमीच्या ०.१ च्या शंभरपटीहून जास्त. हे सहा हजारांचं यंत्रसुद्धा गोदामाच्या फाटकावरच कर्कश वाजायला लागेल. उघडा पडलेला, माणूस मारू शकणारा स्रोत या यंत्राच्या नजरेतून सुटत नाही, आणि केवळ एवढ्यासाठी ते प्रत्येक भंगार गोदामात असावं असं आमचं ठाम मत आहे.

मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगायला हवी. स्रोत कवचात बंद असेल, किंवा ट्रकच्या मधोमध चार टन लोखंडाखाली दबलेला असेल, तर हे यंत्र गप्प राहील. त्याला सिंटिलेशन डिटेक्टर हा जास्त संवेदनशील मोजक लागतो, किंमत काही लाखांत जाते. मोठ्या रोलिंग मिल आणि फाउंड्रींनी तो फाटकावर बसवायलाच हवा. छोट्या गोदामवाल्यानं माल उतरल्यावर, पसरल्यावर, कटिंगच्या आधी फिरून बघायचं.

पद्धत अशी. सकाळी माल येण्याआधी फाटकाबाहेर दहा मिनिटं मोजून नेहमीची पातळी लिहून ठेवा. आवाज चालू ठेवा, कारण कान आकड्यापेक्षा आधी ओळखतो. ढिगाच्या कडेनं हातभर अंतरावरून सावकाश, दोन-तीन सेकंदाला एक पाऊल. अलार्म कारखान्यानं कुठेही लावलेला असो, तो नेहमीच्या पातळीच्या तिप्पट, म्हणजे ०.३ वर आणा. तिप्पट दिसलं की जागीच उभं राहून मिनिटभर मोजा. टिकून राहिलं तर मागे हटा. १ मायक्रोसिव्हर्टच्या पुढे ‘नेमकं कुठे आहे’ हे शोधायला जाऊ नये, ते काम प्रशिक्षित माणसांचं. गॅस कटर बंद, प्रेस बंद, क्रेन बंद. माणसं फाटकाबाहेर, आकडा नेहमीचा होईल तिथपर्यंत. ज्यांनी त्या मालाला हात लावला त्यांना घरी पाठवू नका. बाजूला बसवा, हात-तोंड साबणानं धुवायला लावा, वरचे कपडे काढून पिशवीत बांधून ठेवा, तोवर विडी-तंबाखू, चहा काही नाही. पाण्याच्या पाइपनं जागा धुऊन काढू नका, पूड असेल तर ती गटारात जाते. ११२ ला फोन करा, ‘किरणोत्सारी वस्तूचा संशय’ हेच शब्द वापरा. अणुऊर्जा नियामक मंडळ अणुशक्तीनगरलाच आहे आणि भाभा केंद्राची आपत्कालीन पथकं इथून जवळ आहेत. या बाबतीत आपण देशातल्या बहुतेक शहरांपेक्षा सुदैवी आहोत. कटकट नको म्हणून ती वस्तू दुसऱ्याच्या गोदामात ढकलणं किंवा रात्री खाडीत टाकणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय पुढे कुणाचा तरी हात, पाय, जीव जाणार हे नक्की.

डॉक्टरांसाठी दोन ओळी, कारण असे रुग्ण आधी गल्लीतल्या दवाखान्यात येतात. १ सिव्हर्टच्या वर पूर्ण शरीराला मात्रा बसली की काही तासांत मळमळ, उलट्या. उलटी जितकी लवकर तितकी मात्रा मोठी. मग काही दिवस बरं वाटतं आणि माणूस कामावर जातो, तोवर रक्तपेशी घसरत असतात. ४ सिव्हर्टच्या आसपास उपचार मिळाले नाहीत तर निम्मे लोक काही आठवड्यांत जातात. हातावरचा, मांडीवरचा लालसर चट्टा कित्येक दिवसांनी उठतो आणि किडा चावला, भाजलं म्हणून मलम दिलं जातं. भंगारात किंवा वेल्डिंगमध्ये काम करणारा माणूस उलट्या, न आठवणारं भाजणं, केस गळणं घेऊन आला तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा आणि काही तासांनी पुन्हा करा. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी पहिल्या एक-दोन दिवसांत उतरत असतील तर वेळ घालवू नका. असा माणूस इतरांना आजार देत नाही. कपड्यांवर पूड नसेल तर त्याला हात लावायला अजिबात घाबरू नये.

लहान मात्रांची गोष्ट वेगळी. १०० मिलिसिव्हर्टच्या खाली लगेच काही होत नाही. पुढच्या आयुष्यात कर्करोगाची शक्यता मात्रेच्या प्रमाणात किंचित वाढते असं धरून नियम केले आहेत: सर्वसामान्य माणसाला इतरांच्या किरणोत्सारी कामकाजामुळे वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, किरणोत्सारी क्षेत्रातल्या कामगाराला पाच वर्षांची सरासरी २० आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. छातीचा साधा एक्स-रे ०.१ च्या आत, छातीचा सीटी स्कॅन सात-आठ. सीटी डॉक्टरनं सांगितला असेल तर करावा. हौसेनं ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये करू नये.

यंत्र घेणाऱ्या प्रत्येकानं एक सभ्यता पाळावी, ही कळकळीची विनंती. खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. आसपासच्या सोसायट्यांत रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक भाड्यानं राहतात. बोन स्कॅन करून आलेल्या माणसाच्या अंगात टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य असतं आणि लिफ्टमध्ये तुमचा काउंटर वाजायला लागेल. त्याचा अर्धायुष्यकाळ सहा तास, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सोळावा हिस्सा उरतो. पेट स्कॅनच्या किरणोत्सारी फ्लोरीनचा तर ११० मिनिटं. लिफ्टमधल्या दोन मिनिटांत तुम्हाला मिळणारी मात्रा मुंबई-दिल्ली विमानप्रवासापेक्षाही कमी असते. आयोडीन-१३१ चा उपचार घेतलेल्यांना लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून काही दिवस दूर राहायच्या सूचना रुग्णालयातूनच मिळतात आणि ते लोक त्या पाळतात. ग्रुपवर फोटो टाकून कुणाला घर सोडायला लावू नका.

घरगुती वापरात यंत्र खरोखर उपयोगी पडतं ते गळ्यातल्या ‘एनर्जी पेंडंट’साठी. मोबाइलच्या लहरींपासून संरक्षण म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा लॉकेटांत, ब्रेसलेटांत थोरियमवाली खनिज पूड आढळली आहे; डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या नियामकानं अशा दहा वस्तूंबद्दल इशारा दिला होता. घरात कुणी घालत असेल तर नळीला टेकवून बघा. ठोके कित्येक पट झाले तर ते काढून ठेवायला सांगा, मुलांना तर मुळीच घालू देऊ नका.

पार्सल आलं की परत करायची मुदत संपायच्या आत तपासणी करा. कृषी सेवा केंद्रातून म्युरेट ऑफ पोटॅश किलोभर आणा. पोटॅशियम निसर्गतःच थोडं किरणोत्सारी असतं. आधी रिकाम्या टेबलावर दहा मिनिटं, मग खताच्या पिशवीवर यंत्र आडवं ठेवून दहा मिनिटं. एकूण ठोक्यांत स्पष्ट वाढ दिसली पाहिजे. नाही दिसली तर नळी मेलेली आहे किंवा आकडे सॉफ्टवेअरनं बनवलेले आहेत. दोन्ही प्रकार बाजारात आहेत. पेट्रोमॅक्सचा जुना मॅन्टल मिळाला आणि त्यात थोरियम असेल तर ठोके पटींनी वाढतात, पण तो पिशवीतून बाहेर काढू नका, त्याची राख तर श्वासात जाऊच नये.

अल्फा कण काचेतून आत येत नाहीत, त्यामुळे ‘अल्फा-बीटा-गामा’ असं खोक्यावर लिहिलेलं असेल आणि आत काचेची नळी असेल तर विक्रेत्याला प्रश्न विचारा. सोबत आयोडीनच्या गोळ्या देणारा ‘किट’ घेऊ नका. त्या गोळ्या फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड वाचवतात, तेही सरकारनं सांगितलेल्या वेळी घेतल्या तर. यंत्र हातातून पडलं की नळी आतून तडकू शकते आणि बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून गोदामात वापरताना रबरी कव्हर घाला आणि महिन्यातून एकदा तीच पोटॅशची पिशवी टेकवून बघा. दमट हवेत उच्चदाबाच्या सर्किटवर ओल बसते आणि खोटे ठोके यायला लागतात. जून ते सप्टेंबर ते सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवा.